व्यसनाच्या आधीची संध्याकाळ

२६ जूनला महाराष्ट्रात दोन दिनविशेष एकत्र येतात. राजर्षी शाहू महाराजांची जयंती म्हणून राज्य सरकार तो सामाजिक न्याय दिन पाळते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८७च्या ठरावानुसार जगभर तो अमली पदार्थविरोधी दिन असतो. राज्यात व्यसनमुक्तीचे काम सामाजिक न्याय विभागाकडेच असल्यामुळे हा योग सोयीचाही आहे. सकाळी प्रभातफेरी निघते, शाळेच्या पटांगणात मुलांना शपथ दिली जाते, स्टेशनबाहेर पथनाट्य होते. त्यात दारुडा नवरा झोकांड्या खातो आणि शेवटी मरतो किंवा सुधारतो. दुपारपर्यंत बॅनर उतरतात. हे करणाऱ्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या माणसाची व्यसनाशी खरी गाठ पडते ती संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान. आज बोलायचे आहे ते त्या तीन तासांबद्दल.

ही तारीख आली कुठून, तेही मुंबईकराने जाणून घ्यावे. १८३९च्या जूनमध्ये चीनच्या सम्राटाचा अधिकारी लिन झेशू याने हुमेन येथे परदेशी व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या चुना आणि मीठ कालवून नष्ट केल्या. त्याची आठवण म्हणून हा दिवस निवडला गेला, असे सांगतात. त्या काळी माळव्याची अफू चीनला जाई ती मुंबई बंदरातून. इथल्या बड्या व्यापाऱ्यांनी, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासकट, त्या व्यापारात मोठी संपत्ती मिळवली, आणि त्या संपत्तीतून या शहरात इस्पितळे, शाळा, रस्ते झाले. वांद्र्याला माहीमशी जोडणारा कॉजवे १८४५ साली खुला झाला, तो याच घराण्यातल्या लेडी आवाबाईंच्या देणगीतून. नशेचा बाजार मुंबईत कुणी परक्याने आणून टाकलेला नाही, तो या शहराच्या पायाभरणीत आहे. म्हणून त्याबद्दल बोलताना आवाज जरा खाली असावा.

याच महिन्यात आणखी एक तारीख येऊन जाते, पण तिची प्रभातफेरी निघत नाही. २०१५ साली १७ जूनच्या रात्रीपासून मालाडच्या मालवणीत, लक्ष्मीनगर आणि भोवतालच्या वस्त्यांत, माणसे मरू लागली. गावठी दारूत मिथेनॉल होते. शंभराहून अधिक माणसे गेली. त्याआधी २००४च्या डिसेंबरअखेर विक्रोळीत असेच घडले होते. मालवणीच्या खटल्यात २०२४ साली सत्र न्यायालयाने चौघांना दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली, बाकीचे आरोपी सुटले. विष आले कुठून, कुणी मिसळले, पोलिसांनी काणाडोळा केला का, हे प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारले आणि ते विचारायलाच हवे होते. एक प्रश्न मात्र राहून गेला. दिवसभर ओझी वाहून, रंगकाम करून, रिक्षा चालवून हाती आलेल्या पैशांतला काही भाग घेऊन ती माणसे त्या संध्याकाळी दारू विकणाऱ्या झोपडीच्या दारात गेली, ती काय आणायला? ती गेली होती एका तासासाठी. अंगाचे ठणकणे ज्यात थांबते, डोक्यातले हिशेब ज्यात थांबतात, असा एक तास.

व्यसन बहुतेकांच्या आयुष्यात आधी उपाय म्हणून येते. हे मान्य केल्याशिवाय त्यावरचा कोणताही दुसरा उपाय लागू पडत नाही, असे आमचे मत आहे.

मराठी माणसाला हे नव्याने सांगावे लागू नये. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि पुढच्या महिन्यातच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. शंभरावर वर्षे आपण ते दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून पाहत आलो. नायक सुधाकर याची बायको सिंधू हिच्या हालांनी चार पिढ्या रडल्या. पण गडकऱ्यांनी सुधाकराच्या हाती पहिला प्याला कधी दिला, तेही पाहायला हवे. सुधाकर हुशार वकील, मानी, तापट. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती जाते, आणि तो अपमान गिळता येत नाही म्हणून तळमळत असताना दारूबाज तळीराम त्याच्यापुढे दारू ठेवतो, ती घटकाभर विसर पाडणारे औषध म्हणून. सुधाकराला चैन करायची नव्हती. त्या संध्याकाळी त्याला स्वतःच्याच मनापासून सुटका हवी होती. मध्ये तो दारू सोडतोसुद्धा. मग नोकरीसाठी ओळखीपाळखीच्यांची दारे झिजवतो, तिथे पुन्हा मानभंग पदरी पडतो आणि तो प्याल्याकडे परततो. माणूस कुठे घसरतो, याची इतकी नेमकी जागा दाखवणारा लेखक आपल्या भाषेत होता, आणि आपण त्यातून फक्त ‘पहिला प्याला घेऊ नये’ एवढाच धडा घेतला.

मानसशास्त्राला ही गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडायला बराच काळ लागला. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४च्या त्यांच्या ग्रंथात ताणाला तोंड देण्याचे दोन ढोबळ मार्ग सांगितले: एक, ताणाचे कारणच हलवायचे, दुसरा, कारण तसेच ठेवून त्याने होणारा मनस्ताप कमी करायचा. घरभाडे थकले असेल तर जादा काम शोधणे हा पहिला मार्ग. मित्राजवळ मन मोकळे करणे, देवळात बसणे, किंवा पेला भरणे हा दुसरा. दुसरा मार्ग कमी प्रतीचा नव्हे. बापाच्या आजारपणाचे कारण कुणाला हलवता येते? तिथे मन सावरणे हेच काम असते. गडबड होते ती मन सावरण्याची एकच तऱ्हा हाताशी उरते तेव्हा. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, एडवर्ड खांट्झियन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने मांडले की व्यसनी माणूस पुष्कळदा स्वतःवर औषधोपचारच करत असतो. राग आवरत नाही, भीती जात नाही, आतून सुन्न वाटते, त्यावर जे लागू पडेल ते तो निवडतो.

आता उपनगरातली संध्याकाळ पाहू. मुंबईच्या लोकलने रोज सुमारे पंचाहत्तर लाख प्रवास होतात. चर्चगेटहून बोरिवलीला किंवा सीएसएमटीहून मुलुंडला उभ्याने आलेला माणूस स्टेशनवर उतरतो तेव्हा त्याच्या अंगात दिवसभराचा साहेब असतो, गाडीतला धक्का असतो, पायऱ्यांवरची कोंडी असते. घाटकोपरला मेट्रोच्या पुलावर रांग, अंधेरीला शेअर रिक्षाची रांग. पुढे घर. पुनर्वसनाच्या इमारतीत कुठे सव्वादोनशे, कुठे पावणेतीनशे चौरस फूट. आत मुलीचा दहावीचा अभ्यास, आईची मालिका, बायकोचा दिवसभर साठलेला शीण, फोनवर हप्त्याची आठवण. या घरात त्याला प्रेम मिळत नाही असे नाही. मिळत नाही ती पंधरा मिनिटांची शांतता, जिच्यात कुणी काही मागत नाही. स्टेशन आणि घर यांच्या मधोमध मात्र एक जागा उघडी असते. तिथे पंखा असतो, खुर्ची असते, वेटर नाव घेऊन हाक मारतो, चकणा न मागता येतो, आणि क्वार्टरभर वेळ बसण्याचा हक्क विकत घेता येतो. आम्ही त्या जागेचे समर्थन करत नाही. पण ती जागा ज्या गरजेवर चालते ती गरज खरी आहे. त्या गरजेला दुसरी जागा आपल्या नगररचनेने दिलेली नाही.

बायकांना तर तीही नाही. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावरून पहाटे उतरून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी जणी सकाळी मिश्री लावतात. दातांसाठी म्हणतात, पण ती भुकेसाठीही असते, डोकेदुखीसाठी असते, आणि कुणी न उठलेल्या घरात उंबऱ्यावर बसून मिळणाऱ्या त्या पाच मिनिटांसाठी असते. दिवसातली त्यांची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच वेळ. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे दिसले, आणि त्यातली फार मोठी संख्या धूर न काढणाऱ्यांची, म्हणजे चुना-तंबाखू, मिश्री, गुटखा यांची होती. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. बंदीने टपरीवरच्या माळा दिसेनाशा झाल्या, पण भूक आणि थकवा यांवर बंदी घालता येत नाही.

ही झाली सुटकेची बाजू. दुसरी बाजू बक्षिसाची. १९५४ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना दिसले की उंदराच्या मेंदूतल्या ठरावीक भागाला विजेचा सूक्ष्म स्पर्श मिळणार असेल, तर तो त्यासाठी कळ दाबतच राहतो, तासन्‌तास. पुढे वोल्फ्रम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून कळले की डोपामिन सोडणाऱ्या पेशी बक्षिसापेक्षा बक्षिसाच्या चाहुलीला जास्त उसळतात. अपेक्षेपेक्षा अधिक मिळाले तर त्या उसळतात, मिळायचे ते चुकले तर खाली जातात. केंट बेरिज यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती आवडणे या मेंदूत दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. व्यसन जडते तसतशी हाव वाढते आणि गोडी आटते. म्हणूनच वर्षानुवर्षे पिणारा माणूस सांगतो की आता मजा येत नाही, आणि पेला पुढे ओढतो. घरच्यांना वाटते तो खोटे बोलतो. तो खरे सांगत असतो.

काही महिन्यांनी सुटका आणि बक्षीस या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. शरीर नशेला सरावते, आणि ती उतरली की हात थरथरतात, घाम फुटतो, जीव कासावीस होतो. ज्या अस्वस्थतेवर औषध म्हणून दारू घेतली, त्याहून मोठी अस्वस्थता आता दारूच तयार करते आणि दारूच तेवढ्यापुरती मिटवते. सावकाराचे व्याज फेडायला त्याच सावकाराकडून कर्ज घ्यावे, तसे हे चालते.

बक्षिसाची ही यंत्रणा चालवायला पेला लागतोच असे नाही. मुंबईने ते फार आधी पाहिले आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर लागणारा आकडा १९६१ साली बंद झाला, तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून मटका उभा केला. रोज ओपन आणि रोज क्लोज. गिरणगावातला कामगार त्या दोन वेळांभोवती दिवस काढू लागला. पैसे बहुतेकांचे बुडत, पण दिवसाला एक वाट पाहणे मिळे, आणि ज्याच्या आयुष्यात वाट पाहावी असे दुसरे काही नाही त्याला ते थोडे नसते. गिरण्या गेल्या, कामगारांची मुले उपनगरांत आणि त्यापलीकडे गेली, आणि तेच वाट पाहणे त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये आले. रमी, क्रिकेटचे संघ, पाच मिनिटांत निकाल देणारे रंगांचे खेळ. बक्षीस कधी मिळेल ते ठरलेले नसले की प्राणी सर्वांत चिवटपणे कळ दाबत राहतो, हे स्किनर यांनी कबुतरांवर दाखवून ठेवले होते. फोनमधल्या खेळाला तेवढे पुरते. जिंकता जिंकता हुकल्याचा भास हा त्याचा दुसरा गळ. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. हा कायदा आम्हाला आवश्यक वाटतो, कारण कर्जबाजारी होऊन जीव देणाऱ्या तरुणांच्या बातम्या आम्हीच छापत होतो. पण लोकलच्या दारात उभा असलेला पंचविशीतला मुलगा त्या खेळात जे शोधत होता ते त्याला अजून हवे आहे: आपण हुशार आहोत हे कळणे, आणि आजच्या दिवसात काहीतरी घडणे.

लोखंडवाला किंवा पवईच्या उंच इमारतींत हे नाही, असे कुणी समजू नये. तिथे सव्वादोनशे फुटांची अडचण नाही, तरी एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, पोहोचला आहे. तो २०१५च्या फेब्रुवारीत अमली पदार्थांच्या कायद्याखाली आला, तोवर तो कॉलेजांच्या दारापर्यंत आला होता. परीक्षेचा, शरीराच्या बांध्याचा, एकटेपणाचा ताण पैशाने जात नाही. आणि त्याच इमारतीत, त्याच चाळीत, तोच ताण सोसणारे कितीतरी जण व्यसनाकडे वळत नाहीत, हेही खरे आहे. दारूच्या व्यसनाचा निम्म्याच्या आसपासचा धोका आनुवंशिक असतो, असे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. परिस्थिती सगळे ठरवत नाही. पण परिस्थिती बदलली तर काय होते, याचा एक फार मोठा पुरावा इतिहासात आहे. व्हिएतनाम युद्धातून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी १९७१ पासून केला. तिथे असताना जवळजवळ पाचातला एक शिपाई हेरॉइनच्या आहारी गेला होता. घरी परतल्यावर त्या व्यसनींपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते पाच टक्क्यांच्या आसपास. मेंदू तोच होता. भीती, कंटाळा आणि हाताशी असलेली पुडी, या तीन गोष्टी मागे राहिल्या होत्या.

ज्यांनी या क्षेत्रात टिकाऊ काम केले, त्यांनी हे पोथीतून नव्हे तर माणसांतून ओळखले. अॅक्रन या अमेरिकन शहरात १९३५च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा दलाल हॉटेलच्या दर्शनी भागात उभा होता. दारू सोडून काही महिनेच झाले होते. ज्या व्यवहारासाठी आला तो फसला होता, खिशात फारसे पैसे नव्हते, आणि पलीकडून बारमधला हसण्याचा आवाज येत होता. त्याने चर्चच्या यादीतले क्रमांक फिरवायला सुरुवात केली, आपल्यासारखाच एखादा पिणारा माणूस बोलायला मिळावा म्हणून. त्याला डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभे राहिले. त्या संध्याकाळी त्याचा ताण तिळभर कमी झाला नव्हता. त्याला दुसरे काहीतरी करायला सुचले, एवढेच. आज आपल्या उपनगरांत या मंडळींच्या सभा मराठीतही होतात, बहुतेक संध्याकाळीच, कुठे शाळेच्या वर्गात, कुठे चर्चच्या सभागृहात. पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, आणि किती दिवस झाले यासाठी टाळ्या वाजतात. बायकांसाठी, आईवडिलांसाठी अल-अॅनॉनच्या सभा वेगळ्या असतात.

वांद्र्याला फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले. ते स्वतः दारूच्या विळख्यातून बाहेर आलेले, आणि बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. बोलण्याबरोबर त्यांनी आसने आणली, कारण तलफ अंगात असते आणि अंगाला करायला काहीतरी लागते. त्याच दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पसरले. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलेले वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभे केले. उपनगरांतली शेकडो घरे तिथपर्यंत गेलेली आहेत. मुक्तांगणात व्यसन सुटल्याचा वाढदिवस साजरा होतो. वर्ष झाले, दोन वर्षे झाली, माणूस बायकामुलांसह येतो आणि सर्वांसमोर बोलतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो समारंभ वाटेल. मेंदूच्या हिशेबात ते बक्षीस आहे, आणि वेळेवर मिळालेले बक्षीस आहे. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी नव्वदच्या दशकात कोकेनच्या रुग्णांना प्रत्येक स्वच्छ तपासणीमागे छोटी कुपने देऊन पाहिली आणि उपचारात टिकणाऱ्यांचे प्रमाण स्पष्ट वाढले. ज्या यंत्रणेने माणसाला अडकवले, तिच्याच जोरावर त्याला बाहेर काढता येते.

आपल्याकडे हे कुपनांच्या फार आधीपासून चालू आहे. ज्याने पंढरीची माळ घातली त्याच्या दारू-मटणाच्या प्रश्नाचे उत्तर एका दिवसात बदलते, कारण त्याच्या बदल्यात त्याला खूप काही मिळते. एकादशी मिळते, भजनाची रात्र मिळते, वारीची सोबत मिळते, आणि काल ज्याला दारुड्या म्हणत होते त्याला आज लोक माउली म्हणतात. श्रावणाचेही तसेच. दीप अमावस्येला भरपूर पिणारे कितीतरी जण महिनाभर थेंबाला शिवत नाहीत. श्रावण संपला की पुन्हा सुरू करतात, यावरून लोक त्यांना नावे ठेवतात. आम्हाला त्यातला महिना जास्त बोलका वाटतो. श्रावणात मित्राला नाही म्हणायला कारण सांगावे लागत नाही, मैत्री तुटत नाही, कुणी हसत नाही. नाही म्हणण्याची इतकी सोपी सोय वर्षाच्या बाकीच्या महिन्यांत आपण कुणाला देत नाही. लोकलच्या डब्यात टाळ-मृदंग घेऊन बसणारी भजनी मंडळे काय करतात, तेही या दृष्टीने पाहावे. दीड तासाचा जो प्रवास दुसऱ्याला फक्त सोसावा लागतो, तो त्यांच्या दिवसाचा चांगला भाग होऊन जातो.

मात्र इथेच एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण तिच्याअभावी माणसे दगावतात. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका रात्रीत दारू सोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. लोकलच्या डब्यात ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशी स्टिकरे चिकटवलेली असतात. न सांगता जेवणात घातलेले असे औषध दारूशी मिळून जिवावर बेतू शकते. आणि नकळत सुटलेली दारू टिकत नाही, कारण ज्याच्यासाठी तो पीत होता ते तसेच राहिलेले असते. मारझोड करून, साखळीने बांधून ‘सुधारणा’ करणाऱ्या केंद्रांबद्दल वेगळे सांगायला नको. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला सन्मानाने वागवले जाण्याचा हक्क दिला आहे, आणि व्यसनी माणूसही त्यात येतो.

एम्सने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात, आणि दारूवर अवलंबून झालेल्या अडतीस जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतो. बाकीचे सदतीस आपल्या आजूबाजूला आहेत. ते इस्पितळात का जात नाहीत? लाज हे एक कारण. दुसरे साधे आहे. मोठ्या इस्पितळांतल्या बाह्यरुग्ण विभागांची वेळ सकाळची असते, आणि रोजंदारीवरच्या माणसाला सकाळ बुडवली की मजुरी बुडते. शिवाय सकाळी त्याचा निश्चय पक्का असतो. त्याला आधार लागतो तो संध्याकाळी.

मुंबई महापालिकेने २०२२च्या नोव्हेंबरपासून वस्त्यांजवळ ‘आपला दवाखाना’ उघडायला सुरुवात केली, आणि ते सकाळपासून रात्री दहापर्यंत चालावेत अशी त्यांची आखणी आहे. सात ते दहा या तीन तासांत जे उघडे असायला हवे, ते कागदावर तरी आधीच उघडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दारूच्या सवयीबद्दलची दहा प्रश्नांची चाचणी १९८९ सालीच तयार केली. ती विचारायला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही, प्रशिक्षित परिचारिका पुरते. खोकल्यासाठी, पाठदुखीसाठी, ॲसिडिटीसाठी आलेल्या प्रत्येक प्रौढाला ती विचारावी, आणि त्यापुढे तलफ किती वाजता येते, त्याआधीच्या तासात काय घडलेले असते, हेही विचारावे. ज्याला गरज आहे त्याला कूपर, राजावाडी, भगवती किंवा जवळच्या पालिका रुग्णालयात पाठवावे, आणि तिथे आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी व्यसनाचा विभाग चालावा. पालिका शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात, ते सभांसाठी, वाचनासाठी, कॅरमसाठी, नुसते बसण्यासाठी उघडावेत. केंद्राची १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत मदतवाहिनी आहे. हे क्रमांक शाळेच्या फळ्यावर लिहून पुसण्यापेक्षा परमिट रूमच्या बिलावर, देशी दारूच्या दुकानाच्या काउंटरवर आणि लोकलच्या डब्यात त्या स्टिकरांच्या जागी लावावेत. उत्पादन शुल्क विभागाला परवान्याच्या अटीत हे घालता येईल. यंदाच्या २६ जूनचा कार्यक्रम अजून ठरला नसेल, तर वॉर्ड अधिकाऱ्यांनी तो संध्याकाळी सात वाजता ठेवावा.